पोपट गुरुजींची पुरलेली किमची

निमोण्याच्या पोपट गुरुजींचा एक नियम होता. जी वस्तू मुलाच्या हातात देता येत नाही, निदान डोळ्यांपुढे उभी करता येत नाही, तिचा इंग्रजी शब्द शिकवायचा नाही. आधी वस्तू, मग शब्द. नोकरीभर त्यांनी तो पाळला आणि निवृत्तीनंतर समाजमंदिरात संध्याकाळचा फुकट वर्ग काढला, तेव्हा तो अधिकच कडक केला.

या नियमापायी त्यांनी काय काय सोसलं होतं, ते गावाला ठाऊक होतं. 'आइसबर्ग' शिकवायचा म्हणून त्यांनी शिरूरहून बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून सायकलवर आणली. निमोण्यात पोचली तेव्हा ती सुपारीएवढी राहिली होती. "बघा, पाण्याखाली किती लपलाय," असं गुरुजी म्हणेपर्यंत तीही गेली. 'व्हेल' त्यांनी फक्कीनं रस्त्यावर खऱ्या मापाचा काढला होता. मुक्कामी एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी शेपटाशीच थांबवली आणि हा कसला नवा गतिरोधक म्हणून विचारणा केली. 'घोस्ट' हा शब्द मात्र त्यांनी कधीच शिकवला नाही. कुणी विचारलंच, तर म्हणत, "वस्तू आणून दे, शिकवतो." करणी, उतारे, भारलेली लिंबं यांच्याविरुद्ध गुरुजी उभी हयात बोलत आले होते. गाव ते मान डोलावून ऐकायचं आणि घरी जाताना उतारा ओलांडायला नको म्हणून लांबचा वळसा घ्यायचं.

तर अशा या गुरुजींना त्यांचा जुना विद्यार्थी नागसेन यानं दिवाळीत एक नवाकोरा इंग्रजी शब्दकोश आणून दिला. नागसेन रांजणगावच्या एमआयडीसीत एका कोरियन कंपनीत स्टोअरला होता. गुरुजींचा जुना शब्दकोश त्यांच्या लग्नाआधीचा होता आणि त्यात अजून माणूस चंद्रावर गेला नव्हता. नवा घरात आल्यावर गुरुजींनी त्याला खाकी कव्हर घातलं आणि वर्गात नवीन पद्धत सुरू केली. दर आठवड्याला एका मुलानं डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं, आणि बोटाखाली येईल तो शब्द त्या आठवड्यात शिकायचा.

जालिंदर आणि सिंधूबाईची प्रांजल सातवीत होती. गुरुजींच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. तिनं बोट ठेवलं आणि वाचलं, "के, आय, एम, सी, एच, आय. किमची."

गुरुजींनी चष्मा पुसला. जुन्या शब्दकोशात 'किल्ट'नंतर थेट 'किमोनो' यायचा. मध्ये हे कोण येऊन बसलं, ते त्यांना कळेना. खाली अर्थ होता : कोबीचं तिखट, आंबवलेलं कोरियन लोणचं.

"पण गुरुजी," प्रांजल म्हणाली, "कोरियाचा शब्द इंग्रजीत कशाला? त्यांच्याकडं शब्द नव्हता?"

"वस्तू नव्हती, म्हणून शब्द नव्हता. वस्तू आली, तिच्यामागून तिचं नाव आलं. आपलं मुंगूस इंग्रजांनी असंच उचललं आणि त्याचं 'मंगूस' केलं. शब्दकोशात बघा, कोरियाचा 'तायक्वांदो' पण आहे. काही घरांत सून आली की तिचं नाव बदलतात. इंग्रजांनी किमचीचं नाव बदललं नाही, एवढा मोठेपणा दाखवला."

"मग किमची दावा."

"दाखवू की," गुरुजी म्हणाले. इथंच सगळं बिनसलं.

वाचणाऱ्याला वाटेल, यात काय अवघड. नागसेन कोरियन कंपनीत, कंपनीच्या कँटीनला किमची, एक डबा भरून आणायचा. गुरुजींनाही तसंच वाटलं. नागसेन फोनवर म्हणाला, "गुरुजी, गेटमधून सुई जरी बाहेर न्यायची तरी गेटपास लागतो. पास दोन प्रकारचा. एक, परत आणायच्या मालाचा. दुसरा, परत न आणायच्या मालाचा."

"मग दुसरा काढ."

"दुसऱ्यावर माल भंगार झाला म्हणून सही लागते. शिळी किमची भंगार म्हणून लिहायला कँटीनवाला तयार नाही. त्याची नोकरी जाईल म्हणतो. आणि पहिल्या पासवर आणली, तर तुम्ही खाल्ल्यावर मी परत काय नेऊ?"

गुरुजींनी हा प्रश्न पुढं ताणला नाही. पण नागसेननं त्याचे मोठे साहेब, छोई साहेब, यांना विचारून सगळी कृती सांगितली. कोबीला मीठ लावून ठेवायचं. मग धुवायचं. मग लाल मिरचीपूड, लसूण, आलं आणि सुकवलेली मासळी चोळायची, मडक्यात दाबून भरायचं आणि मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं. साहेबांची आजी तसंच करायची म्हणे. कोबी मात्र आपला गोल गड्डा नको, तो लांबट चायना कोबी हवा.

चायना कोबी सापडला कासुर्डीला. तिथला एक शेतकरी पुण्याच्या हॉटेलांसाठी तो लावायचा. गुरुजी न्हावरं, चौफुला अशा एसटी बदलत गेले आणि पोतं भरून परतले. चौफुल्याला कंडक्टरनं पोत्यात हात घातला आणि विचारलं, "हे काय म्हणायचं, बाबा?" गुरुजींनी सांगितलं, कोबी. कंडक्टर म्हणाला, "कोबी मी वळखतो. ह्यो कोबी न्हाई." पुढं केडगावपर्यंतचा एक प्रवासी आणि दोन बाया यांनी मिळून तो पालक, मुळ्याचा पाला आणि बिघडलेला कोबी असल्याचा निर्णय दिला. गुरुजींनी आयुष्यभर शिकवलं, पण एसटीत त्यांना कुणी विद्यार्थी मिळाला नाही.

घरी धुरपदाबाईंनी लुगड्याचा पदर खोचला. नवऱ्याच्या शब्दांपायी त्यांनी घरात बर्फापासून जिवंत खेकड्यापर्यंत सगळं पाहिलं होतं. त्यामुळे कोबीचं त्यांना काहीच वाटलं नाही. शेजारच्या सिंधूबाईही आल्या. लोणचं म्हटल्यावर त्या घरी बसणं शक्य नव्हतं.

"मोहरी कुठंय?" सिंधूबाईंनी विचारलं.

"मोहरी नाही," गुरुजी म्हणाले.

"हिंग?"

"हिंग नाही. तेलही नाही."

सिंधूबाईंनी धुरपदाबाईंकडे असं पाहिलं, जसं दवाखान्यात पेशंटच्या बायकोकडे पाहतात. "धुरपदाआक्का, बिनतेलाचं लोणचं म्हंजी काय?"

"त्यांना इचार. कोरियाला इचारून आल्यात."

मीठ चोळून कोबी ठेवला. मीठही धुरपदाबाईंनी लोणच्याच्या अंदाजानं घातलं, म्हणजे वर्षभर टिकेल असं. दुसऱ्या दिवशी गुरुजी धुवायला निघाले आणि स्वयंपाकघरात जणू दरोडा पडला.

"पाणी? मीठ लावलेल्याला पाणी?" धुरपदाबाई आडव्याच आल्या. "उभ्या जन्मात लोणच्याला ओला चमचा लागू दिला न्हाई म्या. नासवायचंय का?"

"पण साहेब म्हणाले, धुवायचं."

"साहेबाच्या घरी लोणचं साहेब घालतो का त्याची आई घालती? बाप्यांना अर्धं ठावं असतंय. ते म्हणलं आसंल, हात धुवायचं."

गुरुजींनी विचार केला. नागसेननं फोनवर नीट ऐकलं नसेल, हे शक्य होतं. शिवाय या खात्यात धुरपदाबाईंचा अधिकार मोठा होता. त्यांच्या कैरीच्या लोणच्याला तीन वर्षं बुरशी माहीत नव्हती. गुरुजींनी माघार घेतली. दोघी बायकांनी एकेक पान फडक्यानं कोरडं केलं, उन्हात वाळवलं, वर मिरचीपूड आणि सुकटीचा कूट चोळला. वास असा सुटला की जालिंदरची म्हैस दावं तोडून ओढ्याकडे गेली.

आता पुरायचं कुठं? अंगणात नवी फरशी बसवलेली. तिला टिकाव लावण्याची गोष्ट काढायची गुरुजींची हिंमत नव्हती. समाजमंदिरामागची जागा मोकळी होती, पण ती गावठाणाची. गुरुजी कायद्यानं चालणारे. ते ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे गेले. भाऊसाहेबांकडे आणखी दोन गावांचा चार्ज, त्यामुळे ते नेहमी दुसऱ्या गावात असत. सापडले तेव्हा त्यांनी विचारलं, "खड्डा कशासाठी?"

"लोणचं पुरण्यासाठी."

भाऊसाहेबांनी बराच वेळ पेनाचं टोपण चावलं. "गुरुजी, खड्ड्याला नाव पाहिजे. नळजोड आहे, गटार आहे, शोषखड्डा आहे. लोणचं बसत नाही. शोषखड्डा लिहू का? त्याला वरून मंजुरी लगेच येते."

"खोटं लिहायचं नाही."

"मग अर्ज ठेवून जा."

गुरुजींनी अर्ज ठेवला आणि तिन्हीसांजेला मडकं पुरलं. तोंडाला फडकं बांधलं, वर चपटा दगड ठेवला. गुराचा पाय पडू नये म्हणून काठीला लाल चिंधी बांधून शेजारी रोवली. धोक्याची खूण लालच असते, हे त्यांनीच मुलांना शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सहा मुलं कमी आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त प्रांजल आली, आणि तीही दाराबाहेर उभी राहून, "आईनं बोलवलंय," एवढं सांगून गेली. मग कुणीच आलं नाही.

गुरुजी रिकाम्या सतरंजीसमोर बसून राहिले. न्हावऱ्याला नवा इंग्लिश स्पीकिंग क्लास निघाला होता. महिन्यात फाडफाड बोला, अशी त्याची पाटी होती. मुलं तिकडं गेली, असं त्यांनी ठरवून टाकलं. जाऊ देत. तिथं वस्तू दाखवत नसतील, नुसते शब्द वाटत असतील. पोरं शब्दांनी फुगून परत येतील. असं ते मनाशी फार उदारपणे म्हणाले, आणि घरी जाऊन जेवले नाहीत.

धुरपदाबाईंना राहवलं नाही. "क्लासबिस काही न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या मडक्यानं पोरं पळालीत. गावात बोलत्यात, समाजमंदिरामागं कुणीतरी करणी पुरलीय. मडकं हाय, त्यात लाल काहीतरी, वर लाल चिंधी आन् लिंबू."

"लिंबू? मी लिंबू ठेवलं नाही."

"लिंबू हाय. म्या सोता पाह्यलं."

गुरुजींना आधी हसू आलं आणि मग ते मावळलं. हयातभर ज्याच्याविरुद्ध बोललो, ते आपल्याच हातून आणि इतकं अस्सल झालं, हे काही केल्या पचेना. ते उठून समाजमंदिरामागं गेले. तिथं निम्मा गाव लांब उभा होता. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती आणि मडक्याचं तोंड आपल्याच घराकडे आहे, असं उमेदवार सर्जेरावांचं म्हणणं होतं. मडक्याला चहूबाजूंनी सारखंच तोंड असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी शेजारच्या गावाहून एक देवऋषी आणला होता. तो वाकून कान लावत होता. आतून बुडबुड आवाज आला. देवऋषी सरळ झाला, पिशवी उचलली आणि म्हणाला, "हे आपल्या हातातलं न्हाई." आणि तो खरोखरच निघून गेला.

"सर्जेराव, ते मडकं माझं आहे," गुरुजी म्हणाले.

सर्जेराव दोन पावलं मागं सरले. "गुरुजी, तुम्ही? आन् माझ्यावर?"

"तुमच्यावर कशाला? लोणचं आहे ते."

"लोणचं बरणीत घालत्यात, गुरुजी. भुईत पुरत्यात ते येगळं."

"आणि बोलत्यं आतून," मागून कुणीतरी जोड दिली.

तेवढ्यात भाऊसाहेब पंचनाम्याचे कागद घेऊन आले. त्यांनी लिहिलं : वस्तू, अज्ञात. वास, तीव्र. आवाज, आहे. "उघडायला पंच पाहिजेत," ते म्हणाले. पंच म्हणून पुढं यायला कुणी तयार होईना. गुरुजी स्वतः हात घालायला निघाले, तर सर्जेरावांनी आडवं येऊन सांगितलं, ज्यानं पुरलं त्यानंच उपसलं तर काय बदललं ते आम्हाला कसं कळणार. ते अगदीच चुकीचं नव्हतं, म्हणून गुरुजींनी हात मागं घेतला. शेवटी असं ठरलं की रविवारी त्या कोरियन साहेबालाच आणायचं. त्यानं बघून सांगायचं, हे त्यांचं लोणचं आहे की नाही. तोवर मुलं घरातच.

रविवारी नागसेन छोई साहेबांना जीपमधून घेऊन आला. साहेब पन्नाशीचे, ठेंगणे, पांढरा शर्ट इस्त्रीचा. सारं गाव गोळा झालं होतं. मुलं आयांच्या पदराआडून बघत होती. साहेब मडक्याशी गुडघे टेकून बसले, लिंबू आणि दगड बाजूला ठेवले, फडकं सोडलं. आतून फस्स करून हवा आली आणि पुढची रांग मागच्या रांगेच्या पायांवर गेली. साहेबांनी एक पान उचललं, वास घेतला, खाल्लं. त्यांचे डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं. कुणी म्हणालं, आजी आठवली. मग साहेब नागसेनच्या कानाशी काहीतरी बोलले आणि नागसेनचा चेहरा पडला.

तो गुरुजींजवळ येऊन कुजबुजला, "गुरुजी, ही किमची नाही म्हणतात. नुसतं मीठ आहे. पण ते म्हणतात, लोकांसमोर हो म्हणायला त्यांची हरकत नाही. मी तसं सांगू का?"

गुरुजींनी समोर पाहिलं. एक 'हो' म्हटलं की सर्जेराव गप्प, गाव गप्प, मुलं उद्या सतरंजीवर. प्रांजल पदराआडून बाहेर आली होती. तिनं विचारलं, "गुरुजी, हीच का किमची?"

गुरुजींनी घसा साफ केला. "नाही. साहेब म्हणतात, ही किमची नाही."

"बघा," सर्जेराव म्हणाले. "मग काय हाय ते?"

गलका झाला. भाऊसाहेबांनी पंचनाम्यातल्या 'अज्ञात'खाली रेघ ओढली. नागसेननं कपाळाला हात लावला. गुरुजी एकटेच मडक्यापाशी उभे राहिले. इतकं खरं बोलून इतकं वाईट दिसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

प्रांजल चालत पुढं आली. सिंधूबाईंनी तिचा फ्रॉक धरायला हात टाकला, तो हुकला.

"मामा," ती सर्जेरावांना म्हणाली, "गुरुजींना फसवायचं असतं तर ते व्हय म्हणले नसते का? ते न्हाई म्हणले. म्हंजी आत कोबी हाय, हे पण खरंच असंल." आणि तिनं मडक्यात हात घालून एक पान तोंडात टाकलं.

सगळा गाव तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. तिचं नाक, डोळे, कपाळ हळूहळू एका ठिकाणी गोळा झालं.

"खारट," ती म्हणाली. "लई खारट."

मग मात्र पोरं आवरेनात. प्रत्येकाला खारट किती ते बघायचं होतं. सर्जेरावांचा नातू तर दोनदा आला. त्याला कुणी अडवेना, कारण सर्जेराव स्वतःच पान चघळत होते. तोंड वाकडं करून ते म्हणाले, "आन् ते लिंबू?"

सिंधूबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. "लिंबू म्या ठिवलं. बिचाऱ्याच्या लोणच्याला तेल न्हाई, हिंग न्हाई, निदान दीठ तरी लागू नये म्हणून."

"मग एवढं दिस गप का बसलीस?" जालिंदरनं बायकोला विचारलं.

"सगळी भ्याली, तवा म्या पण भ्याले."

साहेब अजून मडक्यापाशीच बसले होते. त्यांनी पान नागसेनला दाखवलं, बोटांनी पाण्याची खूण केली आणि काहीतरी विचारलं. नागसेन म्हणाला, "साहेब विचारतात, धुतलं का नाही?"

पोपट गुरुजींनी धुरपदाबाईंकडे पाहिलं नाही. नवरा म्हणून इतकं शहाणपण त्यांना होतं. पण बाकी सगळ्यांनी पाहिलं.

साहेबांनी बाह्या सरसावल्या. दोन हंडे पाणी मागवलं आणि साऱ्या बायकांसमोर ते मीठ लागलेल्या कोबीवर बदाबद ओतलं. बायकांच्या तोंडून एकच "आग बाई" निघालं. धुरपदाबाईंनी तर तोंड फिरवलं. कुणाचं तरी मरण बघू नये, तसं. साहेबांनी कोबी तीन पाण्यांतून काढला, पिळला, नव्यानं मसाला लावला. सिंधूबाईंनी लसूण सोलून दिला आणि मध्येच चिमूटभर मोहरी टाकायचा प्रयत्न केला. साहेबांनी न बघताच त्यांचा हात धरला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आक्का, ह्यो बाप्या सोता लोणचं घालतोय बरं का."

मडकं परत त्याच खड्ड्यात गेलं. भाऊसाहेबांनी पंचनाम्यावर 'शोषखड्डा नव्हे' असं लिहून तो मिटवला. आठवडाभर पोरं आळीपाळीनं आवाज ऐकायला जात होती आणि वर्गात येऊन आजचा बुडबुडा कालच्यापेक्षा मोठा होता की नाही यावर भांडत होती.

पुढच्या रविवारी छोई साहेब पुन्हा आले आणि समाजमंदिरात ताटलीत किमची आली. मुलांनी खाल्ली. कुणी म्हणालं आंबट, कुणी म्हणालं जीभ नाचती, एकानं मोजक्या शब्दांत सांगितलं की वासाला वाईट पण तोंडाला बरी. गुरुजींनीही एक घास घेतला. त्यांना ती मुळीच आवडली नाही, आणि मुलांनी विचारल्यावर त्यांनी तसं सांगितलं. मग खडू घेऊन फळ्यावर इंग्रजीत शब्द लिहिला.

"साहेबांच्या अक्षरांत कसा लिवत्यात?" प्रांजलनं विचारलं.

गुरुजींनी शब्दकोश उघडला, मिटला. खडू छोई साहेबांच्या हातात दिला आणि स्वतः जाऊन मुलांच्या ओळीत सतरंजीवर बसले. गुडघे कुरकुरले. एका पोरानं सरकून जागा दिली आणि आपली पाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली. साहेबांनी फळ्यावर दोन ठसठशीत अक्षरं काढली. रेघा, एक चौकट, वर टोपी घातल्यासारखी खूण. गुरुजी जीभ दातांत धरून ती उतरवू लागले.

प्रांजलनं वाकून त्यांची पाटी पाहिली.

"गुरुजी, तुमची टोपी उलटी झालीय."

गुरुजींनी अंगठ्यानं ती पुसली आणि पुन्हा काढली.